एकोणीस सामने

"थांब भाऊ. कागद काय म्हणतो?"

असं म्हणून आपा माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर थेट बोट टेकवायच्या. डोक्याला लावलेल्या खोबरेल तेलाचा ठसा पडद्यावर उमटायचा. मी फडक्यानं पुसायचो, की त्या खालच्या ओळीवर बोट ठेवायच्या. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. त्याचं म्हणणं दर वेळी बरोबर निघतं, आणि म्हणूनच ते सहन होत नाही.

जुन्नरच्या जुन्या बाजारात माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. आपांच्या भावाचं घर आमच्याच गल्लीच्या टोकाला. त्याचा पत्र्याच्या पेट्या बनवायचा धंदा. आपांनी लग्न केलं नाही. उभं आयुष्य पुण्यात एका फुटबॉल क्लबच्या ऑफिसात कारकुनी केली. क्लब साधासुधा नव्हता, पगारी खेळाडूंचा होता. देशभर खेळायला जायचा, पेपरात फोटो यायचे. मग मालकाचा जीव त्यातून उडाला आणि एके दिवशी क्लब बंद झाला. ऑफिसातली कपाटं रिकामी करायला रद्दीवाला आला, तेव्हा आपांनी सामन्यांची रजिस्टरं पिठाच्या पोत्यांत भरली आणि एसटीनं जुन्नरला आणली.

आता त्यांना क्लबचा इतिहास छापायचा होता. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी मागितला नव्हता. तो टाइप करायचं काम माझ्या कपाळी आलं.

जून महिन्यात दुकानासमोर दाखल्यांसाठी रांग लागलेली असते. कोणाला उत्पन्नाचा हवा, कोणाला जातीचा. त्याच वेळी आपा रजिस्टर उघडून, चष्मा लावून माझ्या शेजारी बसायच्या. एकदा मी क्लबच्या एका जुन्या सामन्याबद्दल आपल्या मनानं 'दैदीप्यमान विजय' असं लिहिलं. वाचणाऱ्याला जरा बरं वाटावं, एवढाच हेतू.

"दैदीप्यमान कुठं लिहिलंय?" आपांनी विचारलं.

"लिहिलं नाही आपा, पण जिंकले ना?"

"एका गोलनं जिंकले. तोबी समोरच्याच्या पायाला लागून गेला. काढ ते."

काढलं. दुसऱ्या एका पानावर त्यांना एका गोलकीपरच्या नावातली वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ हे कळेना, तर त्यांनी रांगेतल्या माणसांदेखत त्याला केरळात फोन लावला. त्याला मराठी येत नव्हतं. तरी वेलांटीवर पंधरा मिनिटं चर्चा झाली. रांगेतले एक बाबा म्हणाले, "आवो बाई, माझी एसटी चाललीय!" आपा म्हणाल्या, "जाऊ द्या, दुसरी येती. हे छापलं की परत येत न्हाई."

गंमत म्हणजे आपांना खेळाचं काही कौतुक नव्हतं. सामन्याच्या दिवशी मैदानाच्या कडेला राखीव खेळाडूंच्या बाकाशेजारी खुर्ची टाकून त्या तक्ता भरायच्या. कोण खेळलं, कोण कितव्या मिनिटाला आत गेलं, कोणाला लागलं, मैदान कोरडं की चिखलाचं. मी विचारलं, "गोल झाल्यावर कधी उडी मारली नाही का हो?"

"उडी मारली तर मिनिट चुकतं," त्या म्हणाल्या.

असं आमचं चाललं होतं. त्यात एके दिवशी तळेघरकडचा एक माणूस दुकानात आला. चाळिशीच्या आतबाहेरचा, काटक, जरा लंगडत चालणारा. त्यानं आपांना पाहिलं आणि वाकून पायाला हात लावला. तो एकेकाळी त्यांच्या क्लबात खेळायचा. गुडघा गेला, पुढं क्लबही गेला. मग गावी येऊन भात आणि नाचणी करत होता. पावसाळा संपला की कामाला दुसरीकडं जायचा.

"आपा, शाळंची जाहिरात आलीय," तो म्हणाला. "घोडेगावच्या पुढं निवासी शाळा हाय, तिथं खेळाचा शिक्षक घेत्यात. क्लबाकडनं किमान वीस सामने खेळल्याचा दाखला पायजेल. क्लब तर न्हाई राह्यला. तुमी लिवून दिलं तर चालंल म्हणले."

आपांनी रजिस्टरं काढली. पानं उलटत, बोटांवर मोजत तासभर गेला. मी तेवढ्यात सात दाखले उरकले.

"एकोणीस," आपा म्हणाल्या.

तो हसला. "मंग वीस लिवा की."

"एकोणीस आहेत."

"आपा, क्लब बंद झालाय. कोण बघणार हाय?"

"कागद एकोणीस म्हणतो."

त्याचं हसू मावळलं. खालच्या आवाजात म्हणाला, "घरी पोरगी ल्हान हाय. मला दरसाल भाईर जावं लागतं. ही नोकरी लागली तर गावातच राह्यन." एवढंच बोलला. विनवण्या करणाऱ्यांतला तो नव्हता, हे दिसतच होतं.

मी मात्र भडकलो. "आपा, एका सामन्यानं कोणाचं काय जाणार आहे? मेलेल्या क्लबचा हिशेब धरून जिवंत माणसाला उपाशी ठेवता? तुमच्यानं होत नसेल तर मी टाइप करतो. सही तेवढी तुमची."

आपांनी रजिस्टर मिटलं, पिशवीत घातलं आणि त्याला म्हणाल्या, "चार दिवसांनी ये." माझ्याकडं त्यांनी पाहिलंही नाही.

चार दिवस त्या दुकानात फिरकल्या नाहीत. मी स्वतःला सांगितलं, सुटलो. पण मनातून धुमसत होतो. पाचव्या दिवशी त्या आणि तो खेळाडू दोघंही हजर. आपांच्या हातात आठ पानं, सुवाच्य अक्षरात लिहिलेली. "टाइप कर," म्हणाल्या.

टाइप करताना माझा हात हळूहळू मंद होत गेला. एकोणीस सामने होते, पण प्रत्येकाचं जणू चरित्र लिहिलं होतं. कुठल्या मिनिटाला आत गेला, कोणत्या जागी खेळला, कोणाला चेंडू दिला. एका सामन्यात समोरचा खेळाडू पडून विव्हळत होता, म्हणून यानं खेळ थांबवायला मोकळा मिळालेला चेंडू बाहेर मारला. तो सामना क्लब हरला. कोच यावर ओरडला, तेही लिहिलं होतं. आणि शेवटी वेगळा परिच्छेद होता: विसाव्या सामन्यात कोचनं याला बाकावरून बोलावलं, यानं वरचा सदरा काढला, रेषेवर येऊन उभा राहिला, पण याला आत घ्यायला खेळ थांबावा लागतो, तर चेंडू बाहेर गेलाच नाही आणि सामना संपल्याची शिट्टी वाजली. म्हणून हा सामना धरलेला नाही.

खेळाडू माझ्या खांद्यावरून वाचत होता. "तो चेंडू मी भाईर मारल्याला... ते बी लिवलं व्हतं तुमी?"

"समोर झालं ते लिहिलं," आपा म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, "दाखला मी स्वतः नेऊन देणार. तुझी मोटारसायकल आहे ना?"

आता काय बोलणार? दुकान बंद करून मी निघालो. आपा मागं एका अंगावर बसून, मांडीवर रजिस्टरांची पिशवी धरून. प्रत्येक खड्ड्याला "भाऊ, सांभाळून" आणि प्रत्येक मोकळ्या रस्त्याला "भाऊ, किती हळू!"

शाळेचे मुख्याध्यापक सभ्य गृहस्थ होते. त्यांनी आठ पानं चाळली आणि म्हणाले, "बाई, अट वीसची आहे."

"हो. ह्याचे एकोणीसच आहेत," आपा ठासून म्हणाल्या. मी कपाळावर हात मारून घेतला.

"तुमच्याच क्लबचे आणखी दोन दाखले आलेत," मुख्याध्यापक म्हणाले. "दोघांचेही तीसच्या वर सामने आहेत." आणि त्यांनी फाइलमधून दोन कागद पुढं सरकवले.

आपांनी चष्मा पुसला. पहिला कागद वाचला, दुसरा वाचला. मग पिशवीतून शेवटचं रजिस्टर काढून शेवटचं पान उघडलं आणि शांतपणे म्हणाल्या, "ह्यात लिहिलेल्या शेवटच्या सामन्यांच्या तारखांना क्लब बंद होऊन वर्ष झालं होतं साहेब. आणि ही दोन्ही नावं माझ्याकडं कुठंच नाहीत. बघा तुम्ही."

मुख्याध्यापकांनी खरोखर बघितलं. एकेक रजिस्टर घेऊन बसले. आम्हाला चहा आला, नंतर जेवणही आलं. उठताना ते खेळाडूला म्हणाले, "चेंडू बाहेर का मारला होता?"

"तो पडला व्हता ना, सर," तो म्हणाला. त्याला प्रश्नच कळला नव्हता.

आठवड्यानं त्याला नेमणुकीचं पत्र आलं, एका सामन्याची सूट देऊन. नोकरी आधी वर्षाची, पुढं कायमची होणार होती. तो पेढे घेऊन आला. आपांनी पेढा खाल्ला, पत्र मागून घेतलं आणि त्यातल्या त्याच्या आडनावाची चूक दाखवून ते दुरुस्त करून आणायला त्याला परत पाठवलं. बाहेर ऊन रणरणत होतं.

इतिहासाची दोन प्रकरणं बाकी असताना, गेल्या हिवाळ्यात, आपा सकाळी नमाजाला उठल्या त्या तिथंच बसल्या. भावानं हाक मारली तेव्हा संपलं होतं.

तळेघरचा माणूस मोटारसायकलवर आला, शाळेच्याच ट्रॅकसूटमध्ये. जनाज्याला त्यानं खांदा दिला. लंगडत असूनही कब्रस्तानापर्यंत त्यानं खांदा बदलू दिला नाही. माती देऊन झाल्यावर आम्ही दोघं स्टँडजवळ चहाला थांबलो. त्याच्या नखांत माती होती.

"माझ्याबद्दल एवढं आईलाबी ठावं नव्हतं," तो म्हणाला. मग कप खाली ठेवून उठला. "चार वाजता पोरींची प्रॅक्टिस हाय. उशीर झाला तर उगाच थांबत्यात."

त्याची गाडी घोडेगावच्या रस्त्याला लागली. मी दुकानात आलो, शटर वर केलं. रांग होतीच. एकानं त्याच्या अर्जात गावाचं नाव चुकीचं लिहिलं होतं, तो म्हणाला, "चालतंय राव, असू द्या." मला भयंकर राग आला, आणि त्याच्यावर कसा काढावा तेच कळेना. मी पडदा पुसायचं निमित्त करून पाठ फिरवली आणि बराच वेळ तसाच उभा राहिलो.