दाराआडचा समीक्षक

निरोप माझ्यासाठी नव्हता. सकाळची संध्या आटोपून मी पळीपंचपात्र पुसत होतो, तेव्हा शेजारच्या घरून हाक आली की धुळ्याहून फोन आहे. पलीकडे दामूचा पुतण्या होता. "शास्त्रीकाका, नाना पहाटे गेले. झोपेतच. काकूंना सांगाल ना? नाना नेहमी म्हणायचे, जळगावात आपल्या एक वाचक आहेत, काही झालं तर त्यांना आधी कळवा." मी हो म्हणालो. बालपणापासूनचा माझा सहाध्यायी दामू, सगळ्यांचे नाना, गेल्याची वार्ता मला मिळाली ती अशी, पत्नीकडे पोहोचवण्याचा निरोप म्हणून. वत्सलेने ऐकले, गॅस बंद केला, पाटावर बसली आणि पदर डोळ्यांना लावला. माझेही डोळे भरले होते. पण तिचे रडणे पाहताना अंतःकरणाच्या तळाशी एक जुने, ओळखीचे काहीतरी हलले. त्याचे नाव मत्सर. मृत्यूनंतरच्या लेखात हा शब्द शोभत नाही, हे मी जाणतो... परंतु दामूविषयी खरे लिहायचे तर त्याला वगळून मला एक ओळही पुढे जाता येत नाही.

या पुरवणीचे जुने वाचक दामोदरनानांना 'उंबऱ्यावरून' या सदराचे लेखक म्हणून ओळखतात. घरी आणून पाहण्याच्या व्हिडिओ कॅसेटींवर आणि दूरदर्शनच्या मालिकांवर ते लिहीत. त्याच पुरवणीत माझे 'सुभाषित-चिंतन' येते. आम्ही दोघेही धुळ्याच्या एकाच पाठशाळेचे विद्यार्थी. मी गुरुजींच्या अगदी समोर बसे, कारण माझे पाठांतर अस्खलित होते. दामू मागे, आतल्या दाराजवळ. एके दिवशी गुरुजींनी एका श्लोकाचा अर्थ विचारला. मी अन्वय लावला, समास सोडवले, अलंकार सांगितला. गुरुजी "बरोबर" म्हणाले. मग त्यांनी दामूला विचारले. तो व्याकरणाला हातही न लावता त्या श्लोकातल्या विरहिणीविषयी असे काही बोलू लागला, की गुरुपत्नी पिठाने माखलेल्या हातांनी दाराशी येऊन उभ्या राहिल्या. गुरुजींनी एकदा त्याच्याकडे पाहिले, एकदा त्यांच्याकडे, आणि काहीच बोलले नाहीत. ते मौन मला मिळालेल्या "बरोबर"पेक्षा पुष्कळ मोठे होते. ते मला आयुष्यात पुन्हा कधी ऐकू आले नाही.

पुढे तो धुळ्याच्या शाळेत संस्कृतचा शिक्षक झाला, मी जळगावच्या. माझी राममंदिरात सायंकाळची प्रवचने सुरू झाली आणि वत्सला पहिल्या रांगेत बसू लागली. ऐंशीच्या दशकात आपल्याकडे गल्लोगल्ली व्हिडिओ लायब्रऱ्या निघाल्या. बारसे असो की साखरपुडा, रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने येई, आणि चित्रातल्या नायिकेच्या पायाखालून साबणाच्या जाहिरातीची पट्टी धावत असे. अशा दिवसांत दामूने संपादकांना सदर सुचवले. मला वाटले, एवढा बुद्धिमान मनुष्य, हा आता नटनट्यांविषयी लिहिणार! पण त्याने नटनट्यांविषयी लिहिलेच नाही. आपल्या घरांत चित्रपट लागला की पुरुष आणि मुले पुढच्या खोलीत बसत. सून सासऱ्यासमोर बसत नसे, ती स्वयंपाकघराच्या दाराआडून पाही, अर्धे दिसे, उरलेले ऐके. दामू तिच्यासाठी लिहू लागला. चित्रपटाला तारे देण्याऐवजी तो स्वयंपाकाची अवस्था सांगे. "भाकरी करपली" म्हणजे चित्रपट चांगला. "दूध उतू गेले" म्हणजे उत्कृष्ट. आणि "स्वयंपाक वेळेवर झाला" असे त्याने लिहिले की जळगाव-धुळ्याच्या लायब्रऱ्यांत ती कॅसेट फळीवरून हलत नसे.

आमच्या घरी रविवारी वृत्तपत्र आले की वत्सला आधी कात्री काढी. त्याचे सदर ज्या पानावर, त्याच्याच पाठीमागे माझे चिंतन छापलेले असे. त्याचा लेख कापताना माझा लेख मधोमध उभा चिरला जाई. ती कात्रणे तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. तिथे दामूचे शब्द बाहेर पाहत, आणि माझे अर्धे चिंतन लाकडाकडे तोंड करून वर्षानुवर्षे उभे होते. मी एकदा म्हणालो, "अगं, निदान आधी माझे वाचून मग काप." ती म्हणाली, "तुमचं काय वाचायचं? ते तर तुम्ही आठवडाभर जेवताना बोलतच असता." मी दूरदर्शनवरच्या नटांचा मत्सर केला असता तर लोक हसले असते, पण हा मत्सर कोणाला सांगण्यासारखाही नव्हता. माझ्या पत्नीला मन लावून वाचावेसे वाटेल असे एक वाक्य मला लिहायचे होते. बस, एवढेच. आणि ते दर रविवारी धुळ्याहून येत होते, दुसऱ्याच्या हातचे.

एकदा धुळ्याला गेलो असता तो मला आपले काम दाखवायला घेऊन गेला. ओळखीच्या एका शेतकरी कुटुंबात मुलीचा साखरपुडा होता, दुपारी कॅसेट लागणार होती. पुढच्या खोलीत यजमानांनी आमच्यासाठी खुर्च्या मांडल्या होत्या. दामू सरळ आत गेला आणि धान्याच्या कोठीला टेकून लसूण सोलायला बसला. बायकांना त्याचे नवल नव्हते. भाकरी थापणारी एक म्हातारी म्हणाली, "काय नाना, आज रडानं शे का हासानं?" दामू म्हणाला, "अक्का, ते तुम्ही मला सांगायचं." "मंग लसूण नीट सोला, मागल्या टाइमले बठ्ठी सालं भाजीमा उनीत!" मागच्या वेळी भाजीत आलेल्या सालांच्या आठवणीने सगळ्या हसल्या. बाहेरून यजमान हाका मारत होते, "नाना, अहो खुर्ची ठेवलीय ना!" दामूने आतूनच उत्तर दिले, "आबा, खुर्चीवरून काय, सगळ्यांनाच दिसतं!" चित्रपट सुरू झाला. तो पडद्याकडे क्वचितच पाहत होता. कोणत्या संवादाला लाटणे थांबते, कोणत्या गाण्याला धाकटी सून दाराच्या फटीशी सरकते, कोणत्या प्रसंगी म्हातारी "मेल्या" म्हणते, तिकडे त्याचे सारे लक्ष. मी बाहेर खुर्चीवर बसून होतो. आतून हशा येई, तेव्हा पडद्यावर हसण्यासारखे काही घडत नसे. ते कशाला हसत होते, हे मला अद्याप ठाऊक नाही.

मग एका वर्षी त्याच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि संपादकांनी त्या आठवड्याचे सदर मला लिहायला सांगितले. आठवडा साधा नव्हता, आखाजीचा होता. खान्देशात आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. घराघरांत त्या दिवशी कॅसेट आणली जाणार होती. मी लायब्ररीत समोर बसून एक नवा चित्रपट पाहिला. एका ऋषितुल्य दांपत्याची कथा. अत्यंत शुचिर्भूत. पती-पत्नी एकमेकांशी फारसे बोलतच नाहीत. नेत्रांतूनच सारे कळते. मी भारावून गेलो. शांतरसावर दोन परिच्छेद लिहिले आणि शेवटी, जरा धाडस करून, "दूध उतू गेले" असा शेराही मारला. लोकांनी विश्वासाने तोच चित्रपट आणला. आमच्याकडे चोपड्याहून पुतणी आली होती, तीही वत्सलेसोबत दाराआड बसली. चित्रपट संपल्यावर मी आत गेलो. पोळ्या झाल्या होत्या, आमरस झाला होता, भांडीसुद्धा घासून पालथी घातली होती. "कसा वाटला?" मी विचारले. पुतणीने ओठ दाबले. वत्सला म्हणाली, "अहो, बोललं कोण त्यात? आम्ही दोघींनी दोन तास भिंत ऐकली." गावभर तीच गत झाली. पुढच्या रविवारी दामूने सदराच्या आरंभी लिहिले, की गेल्या आठवड्याचा चित्रपट पुढच्या खोलीतल्यांसाठी होता आणि तिथून तो खरोखरच सुंदर दिसतो. शास्त्रीबुवांनी लिहिले त्यात असत्य काही नाही. वत्सलेने तेही कापून ठेवले. त्याने माझी थट्टा केली असती तर मला बरे वाटले असते... त्याचा तो मोठेपणा मात्र फार जड गेला.

नव्वदच्या दशकात केबल आली, लायब्रऱ्या ओस पडल्या, आणि एके दिवशी 'उंबऱ्यावरून' बंद झाले. माझे चिंतन चालूच राहिले. त्या रविवारी वत्सलेने पान उलटसुलट करून पाहिले, कात्री परत ठेवली आणि म्हणाली, "घ्या, आता अख्खं राहील तुमचं." ते अख्खे राहिले. तसेच, अस्पर्श, रद्दीत गेले. गेल्या हिवाळ्यात दामू आमच्याकडे भरीत खायला आला, तीच आमची शेवटची भेट. जेवताना तो म्हणाला, "शास्त्री, जिंकलास बघ. तुझं सदर अजून चालू आहे." मी विचारले, "दामू, एवढी विद्या घेऊन तू त्या दाराशी का जाऊन बसलास?" तो भरताचा घास तसाच धरून म्हणाला, "गुरुजींसमोरची जागा तू धरली होतीस. तू तिथून उठायला तयार नव्हतास, आणि मला ती फार हवी होती रे. मग जिथे जागा होती तिथे बसलो." आतून वत्सला भाकरी घेऊन आली. "वहिनी," तो लगेच म्हणाला, "याला आणखी वाढा, माझ्यावर रागावलाय." त्याच्यासारख्यालाही माझे काही हवेसे वाटले होते, हे कळून मला समाधान वाटायला हवे होते. वाटले ते असे, की हेसुद्धा तो माझ्याहून सुंदर बोलला.

तो जाऊन आता काही आठवडे झाले. घरात सासरे नाहीत, दीर नाहीत. पुढच्या खोलीत माझ्याशेजारी रिकामी खुर्ची असते, तरीही रविवारी दुपारी चित्रपट लागला की वत्सला दाराशीच उभी राहते. परवा तिने तिथूनच विचारले, "अहो, नानांनी याला काय लिहिलं असतं?" मी संचाचा आवाज थोडा मोठा केला, विचार केला, आणि म्हणालो, की कथानकात औचित्य आहे, परंतु करुणरसाचा परिपोष होत नाही. ती ऐकत होती. मग तिने मान हलवली. "हे तुमचं झालं," ती म्हणाली. "त्यांचं सांगा." मी खुर्ची वळवली आणि तिच्याकडे तोंड करून बसलो. पडद्यावर कोणी रडत होते, कोणी समजूत घालत होते. आणि वत्सला, चौकटीला हात लावून, माझ्या उत्तराची वाट पाहत उभी होती.