कोमट टाकी

खंडेनवमीला आमच्या चाकणच्या कंपनीत यंत्रांची पूजा असते आणि घरच्यांना आत यायला मोकळीक. यंदा मी अण्णांना, म्हणजे वडिलांना, हट्टाने नेलं. प्लेटिंगमधून, म्हणजे धातूवर मुलामा चढवताना, निघणारं अ‍ॅसिडचं सांडपाणी निरुपद्रवी करणं हे माझं काम, आणि अण्णांना ते पहिल्या दिवसापासून खुपत होतं. तेही पिंपरीत प्लेटिंगलाच होते. तरुणपणी अंगावर अ‍ॅसिड उडालं, त्याचा डाग हातावर कायमचा राहिला. रोज सकाळी मी कंपनीच्या बसला निघाले की तो डाग चोळत म्हणायचे, "सोड ती नोकरी." मला तर हे काम मनापासून आवडतं. पण त्यांचा जीव टांगणीला लावून जाणं नकोसं व्हायचं.

पूजा आटोपली. सगळे पेढे खात उभे होते, मला मात्र सुट्टीआधी टाकीतल्या अ‍ॅसिडचं काम उरकायचं होतं. कुणा उत्साही माणसाने टाकीला झेंडूची माळ घातली होती, ते ठीक. पण आम्लता मोजणाऱ्या मीटरच्या सेन्सरलाही हळदकुंकू! सणाच्या दिवशी कुणाला बोलणार? पुसलं, धुतलं आणि पंपाने बारीक धारेत अ‍ॅसिड मारणारं कॉस्टिक सोडायला लागले.

"एवढं हळू?" अण्णांनी लांबूनच विचारलं.

"दोन्ही एकत्र आली की उष्णता निघते, अण्णा. एकदम ओतलं तर उकळून अंगावर येईल."

अण्णांचा हात डागाकडे गेला. मग म्हणाले, "त्या दिवशी आमी बादलीच उपडी केली होती. आमाला कुणी सांगितलंच न्हाई."

हे मला आजवर ठाऊक नव्हतं. मी त्यांचा तोच हात धरला आणि टाकीला बाहेरून टेकवला. अण्णा दचकले, पण हात काढला नाही.

"कोमट हाय की! आंघोळीच्या पाण्यावानी."

मीटरवर सात, म्हणजे साध्या पाण्याचा आकडा, येईपर्यंत ते तसेच उभे होते.

"आता आत काय?"

"मिठाचं पाणी आणि थोडा गाळ."

"बस्स?" म्हणाले आणि हसले. मग दोन पेढे खाल्ले.

दसऱ्यानंतर कामावर निघाले, तेव्हा नेहमीच्या वाक्याची वाट बघत मी उगाच चपला घालत रेंगाळले. अण्णांनी डबा हातात दिला.

"सावकाश ओत गं," म्हणाले, "आन् चष्मा घालत जा."