कानामागची सावली

कुणी सल्ला विचारायला आलं की फोटोवाल्या मामांना कुठेतरी लपावंसं वाटायचं. चौकातल्या स्टुडिओत अडतीस वर्षं काढूनही आपल्याला फोटोतलं नक्की काय कळतं, हे त्यांना ठामपणे सांगता आलं नसतं. हौशी पोरं फोटो घेऊन यायची आणि यात धंदा करू का, असं विचारायची. मामा पडले भिडस्त. "छान आहेत," म्हणून मोकळे व्हायचे. त्या एका शब्दावर एकानं चांगली नोकरी सोडली आणि दोन वर्षांत कॅमेऱ्याचं नाव काढायचंही सोडलं. तेव्हापासून मामा तो शब्द टाळायचे.

आता तर सख्खी भाचीच समोर बसली होती. इस्पितळाच्या नोंदणीच्या खिडकीवर तिची कायमची नोकरी होती. फोटोंचा धंदा करायचा म्हणून तिनं राजीनामा लिहून ठेवला होता, सोमवारी द्यायचा होता. फक्त मामांचं मत हवं म्हणून शुक्रवारची रजा काढून आली होती. तिच्या आईनं, म्हणजे मामांच्या धाकट्या बहिणीनं, सकाळीच फोनवर बजावलं होतं, दादा, हा धंदा तिला जमणार नाही, असं तोंडावर सांग. त्यावर मामी म्हणाल्या होत्या, यांनी आजवर भाजीवाल्याला नाही म्हटलेलं नाही, भाचीला काय म्हणणार.

भाचीनं टेबलावर चाळीसेक फोटो मांडले. ओल्या फरशीवरून जपून चालणारी नर्स, पेंगुळलेला लिफ्टवाला, जिन्यात सांडलेलं ऊन. मामा वाकून वाकून बघत राहिले. फोटो खरोखर चांगले होते आणि पंचाईत तीच होती. सगळं मनासारखं असताना ही पोरगी काय करते ते दिसत होतं. नसताना काय करते, ते कुठेच दिसत नव्हतं. त्यांना त्याचंच कुतूहल वाटायला लागलं.

"यातले न जमलेले कुठे आहेत?"

"ते मी पुसून टाकते, मामा."

"आणि गिऱ्हाइकाचे न जमले तर?"

भाची हसत फोटो सरळ करायला लागली. आपण उगाच बोललो असं वाटून मामांनी विषय बदलला. पासपोर्टच्या फोटोंना गर्दी असते, आज तू काढ, मी बघत बसतो, म्हणाले.

दुपारपर्यंत तिनं अकरा जणांना स्टुलावर बसवलं. बाराव्या आल्या त्या शिवणकाम करणाऱ्या एक आजी. लेकीकडे परदेशी जायचं होतं, व्हिसाचा अर्ज भरायचा होता. त्यांच्या सुरकुत्या बघून भाचीला राहवलं नाही. तिनं एका बाजूचा दिवा बंद केला. फोटो असा आला की आजी स्वतःकडेच टक लावून बघत बसल्या. मामांना मात्र फोटोत आजींच्या उजव्या कानामागे पडद्यावर पडलेली सावली दिसली. सांगावं का? ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं.

तासाभरानं आजी परत आल्या. मागच्या गल्लीत अर्ज घेणाऱ्या कार्यालयातल्या बाईंनी सावली दिसते म्हणून फोटो नाकारला होता, रांग नव्यानं धरायची होती. "घरात लावीन गं मी हा, पण अर्जाला चालत नाही म्हणे," आजी ओशाळून म्हणाल्या, जणू चूक त्यांचीच.

भाचीचा चेहरा पडला. त्या बाईंना फोटोतलं काय कळतंय, असं ती म्हणायला लागली आणि मध्येच थांबली. दोन्ही दिवे लावून तिनं सपाट, सरळ, कुणाच्या लक्षात न राहणारा फोटो काढला आणि आजींबरोबर स्वतः कार्यालयात गेली.

ती लवकर आलीच नाही. आली ती घामेजलेली आणि डोळ्यांत चमक घेऊन. काम झालं होतं. पण त्या बाईंच्या खणात नाकारलेल्या फोटोंचा गठ्ठा असतो, आणि तो तिनं मागून घेऊन सगळा बघितला होता. कुणाच्या चष्म्यात दिवा, कुणाच्या कपाळावर केस, एकाचा तर शिंकताना काढलेला. मामा, काय मजा आली, असं ती दोनदा म्हणाली. मग तिनं विचारलं,

"तुम्हाला सावली दिसली होती ना?"

"दिसली होती. बोलायला भीड वाटली."

"मग आता तरी भीड नको."

मामांनी चष्मा काढून पुसला. "फोटो तू चांगले काढतेस. पण त्यावर धंदा चालत नाही. माणूस वैतागलेलं, उजेड धड नाही, आपलं डोकं दुखतंय, त्या दिवशीचा फोटोही हातात देता आला पाहिजे. तुझा तसा दिवस मी आज एकच बघितला. सोमवारी राजीनामा देऊ नकोस. वर्षभर सुट्टीच्या दिवशी इथे ये. मग तूच ठरव."

"आईनं पढवलं ना तुम्हाला?"

"ती म्हणाली, जमणार नाही असं सांग. ते मी म्हणत नाहीये."

भाचीनं फोटो गोळा केले आणि येते एवढंच म्हणून गेली. शनिवार-रविवार तिचा पत्ता नव्हता. आपण तोंड उघडलं तेच चुकलं, असं मामांनी मामींना चारदा तरी बोलून दाखवलं.

सोमवारी दुपारी फोन वाजला. "मामा, तान्ह्या बाळाचा पासपोर्टचा फोटो कसा काढतात? ते स्टुलावर बसणार कसं?"

"आईच्या अंगावरून पांढरी चादर घ्यायची आणि बाळाला तिच्या मांडीवर धरायचं. तू कुठून बोलतेस?"

"इस्पितळाच्या खिडकीवरून. जेवणाची सुट्टी आहे. पण मान कोण धरतं? हात दिसत नाही का?"

मामा खुर्ची ओढून बसले आणि सांगायला लागले.