कानबाईच्या नारळाला सासूबाईंनी हात लावला नाही

श्रावणातला, आमच्या खानदेशी कानबाई देवीचा रविवार. सिल्वासातल्या आमच्या दोन खोल्यांत सकाळपासून नुसती धांदल… धुळ्याकडची शेजारची घरं आमच्याकडेच जमतात, कारण कानबाईच्या नारळाला डोळे, नथ लावून सजवायचं काम माझ्या सासूबाईंचं. दुसऱ्या कुणी हात लावला की बाई फुरंगटतात!

यंदा मात्र उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसल्या. गुडघा दुखतोय म्हणे. तिथूनच "नथ वाकडी शे" वगैरे चालू…

आता गुडघ्याचा आणि हाताचा काय संबंध? मी नारळ त्यांच्या मांडीवर ठेवायला गेले, तर चटका बसल्यासारख्या मागे सरकल्या.

असं अंग चोरून बाई कधी बसते, हे काय आपल्याला शिकवावं लागतं? पण यांची पाळी जाऊन सहा वर्षं तरी झाली होती!

मोरीत नेऊन विचारलं. आधी उडवून लावलं, मग रडायलाच लागल्या. उन्हाळ्यापासून मधूनमधून डाग दिसत होते. उष्णतेने पाळी परत आली असेल, असं समजून गुपचूप जुन्या साडीच्या घड्या वापरत होत्या. देवाला शिवायचं नाही एवढं नेमकं पाळलं… डॉक्टरकडे जायचं मात्र सुचलं नाही.

"कोनले सांगू नको," एवढंच म्हणत राहिल्या. मला इतका राग आला ना! आणि भीती त्याहून जास्त.

सोमवारी दमणगंगेवर विसर्जन झालं आणि मी तशीच त्यांना घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टरबाई गुजराती, पण हिंदीत स्पष्ट बोलल्या, "माजी, बंद होने के बाद एक दाग भी दिखे, तो दिखाना है."

सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर जाड दिसलं. तुकडा तपासायला पाठवला. तो आठवडा कसा काढला, माझं मला माहीत… कंपनीत पॅकिंगला उभी असायचे आणि फोन थरथरला की हातातलं खोकं तसंच ठेवून बघायचे. घरी सासूबाई एकदम शहाण्यासारख्या वागत होत्या, त्याचीच जास्त धास्ती वाटायची.

रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता… पण पेशी त्या वाटेला लागल्या होत्या. गर्भाशय काढलं. आता बऱ्या आहेत, माझ्या भाजीला नावं ठेवण्याइतक्या!

मी डॉक्टरबाईंना आमच्या पॅकिंग लाइनवरच्या बायकांचंही विचारून घेतलं. दोन-दोन पॅड लावून उभ्या राहतो आणि "अंगावरून जरा जास्त जातंय" म्हणून सोडून देतो आपण. तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, आठवडा उलटूनही थांबत नसेल, दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधानंतर रक्त दिसत असेल… तर बायांनो, दाखवा. सोबत चक्कर, धाप असेल तर त्याच दिवशी जा.

आणि आई, सासू, मावशी यांना स्वतःहून विचारा. त्या सांगणार नाहीत.

पोस्ट टाकण्याआधी सासूबाईंना वाचून दाखवली. मला वाटलं, चिडतील. चिडल्याच… "इतलं लिखं, आनि मनं नाव कोठे शे?"

तर माझ्या सासूबाईंचं नाव सुमनबाई.