खालांचा पाऊण तास

"आज भाजी कोणती होती?"

हात धुऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलीला दाराशी अडवून मेसवाल्या खाला हे विचारायच्या. सांगता आलं नाही तर पुन्हा बसायचं, अर्धी भाकरी आणखी खायची आणि या वेळी ताटाकडे बघून खायची. भूकंपानंतरच्या त्या वर्षांत लातूरला शिकायला असाल, तर अशा एखाद्या पत्र्याच्या मेसमध्ये तुम्हीही जेवला असाल. आम्ही सगळ्याच एका हातात घास आणि दुसऱ्या हातात नोट्स धरून जेवायचो. उदगीरच्या एका मुलीने तर अख्खी भाकरी, वरण समजून, पाण्याच्या पेल्यात बुडवून खाल्ली होती. मी पहिल्याच दिवशी मोठ्या ठसक्यात "बटाटा" म्हणाले. वांगं होतं.

"बटाटा पुस्तकात आसंल," खाला म्हणाल्या. "बस पुन्ना."

हल्ली शहरात असं लक्ष देऊन खाण्याची शिबिरं भरतात. माणसं रीतसर नाव नोंदवून एक मनुका पाच मिनिटं चघळतात. मला हसू येतं आणि मग खालांची आठवण येते.

पन्नाशीच्या असतील. त्यांना घाई करताना कुणी पाहिलं नाही. चाळीस मुली ताटं वाजवत असल्या तरी भाकरी आपल्या लयीतच थापली जायची. पत्र्याला भोकं होती. त्यांतून कवडसे पडायचे, पिठाचे कण त्यांत तरंगत राहायचे आणि थापण्याच्या त्या आवाजाने मला बसल्या बसल्या पेंग यायची. आजही ती दुपार आठवली की माझे डोळे जडावतात.

एरवी झोप म्हणून माझ्यापाशी उरली नव्हती. भूकंपात औशाकडच्या आमच्या घराची मागची भिंत पडली. माणसं वाचली, पण तेव्हापासून मला छताखाली बसवेना. क्लासमध्ये मी दाराजवळची जागा धरायचे. बारावीच्या सराव परीक्षेत रस्त्यावरून ट्रक गेला, बाक थरथरला आणि मी पेपर टाकून थेट मैदानात! वडील गावाहून आले. ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. "बोर्डाला बी आसंच झालं तर बास झालं शिक्षण," ते म्हणाले. "घरी चल. स्थळं तर बघायलोयच."

मी मेसमध्ये जाऊन रडले. खालांनी समजूत वगैरे घातली नाही. पिठाची परात माझ्यापुढे सरकवली.

"हात कुठं हाय?"

"पिठात."

"आन् मन?"

"वर. पत्र्याकडं."

"जाऊ दे त्याला. बघून आलं की हाताकडं आण."

मग रोज दुपारी तेच. भाकरी काठाला चिरली की त्या हळूच म्हणायच्या, "गेलीस बघ." मी परत यायचे. कोमट पीठ, बोटांना लागणारी त्याची रवाळ कड, चुलीचा धूर, बाहेर कावळा. परीक्षा जवळ आली तशा चिरा कमी झाल्या. भीती गेली असं मात्र म्हणणार नाही. ती असतानाही भाकरी थापता येऊ लागली, एवढंच.

खालांची बाज थंडीतही अंगणात कडुलिंबाखाली असायची. मी एकदा कारण विचारलं.

"मला बी भ्या वाटतं की, बेटी. बहीन गेली माझी भिताडाखाली. पत्रा हलका आसतो, चालतो. स्लॅबखाली न्हाई जात मी."

"मग तुम्ही एवढ्या शांत कशा?"

"भाकर थापायलेय तवर शांत. मंग पुन्ना भ्या. मंग पुन्ना भाकर." आणि त्या हसल्या.

पेपरच्या आदल्या दिवशी नंबर बघायला जायची पद्धत होती. माझा नंबर एका शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर लागला होता. बघायला जायचंच नाही, असं मी खालांना सांगून टाकलं. खालांनी चूल विझवली, बुरखा चढवला. "चल, जागा बघून येऊ."

जिन्यात त्या पायरीपायरीला थांबत होत्या. गुडघे दुखत असतील, असं मला वाटलं. वर्गात त्यांनी मला माझ्या बाकावर बसवलं, स्वतः शेजारी बसल्या आणि दोन्ही तळहात बाकावर ठेवले.

"ठिव हात. काय हाय ते सांग."

"बाक गार आहे. खिडकीला पाच गज आहेत. एक वाकडा आहे."

"आनि?"

"फळ्यावर कालची तारीख आहे. खाली कुणीतरी धुणं आपटतंय."

"आनि?"

पाऊण तास त्या एवढंच विचारत राहिल्या. हळूहळू ती खोली माझ्या ओळखीची झाली.

तिसऱ्या पेपरला ट्रक गेला. बाक हलला. मी पेन ठेवलं, तळहात टेकवले, खिडकीचे गज मोजले. पाच होते. मग पुढचं उत्तर लिहायला घेतलं.

निकाल लागला आणि मी पेढे घेऊन धावत गेले, तर मेस नव्हती. तिथे पाया खणून ठेवला होता. समोरच्या इस्त्रीवाल्याने सांगितलं, क्लासच्या मुलींसाठी जागेचा मालक चार मजली वसतिगृह बांधतोय. खालच्या मजल्यावरची मेस तो खालांनाच देत होता. "लई समजावलं आम्ही. न्हाईच म्हनल्या. स्लॅबखाली माझा जीव ऱ्हात न्हाई, म्हनल्या. गेल्या देगलूरला, भावाकडं."

पेढ्यांचा पुडा घेऊन मी त्या खड्ड्याच्या कडेला उभी राहिले. स्लॅबखाली जात नाही, हे त्यांनी मला स्वतःच सांगितलं होतं. तरी त्या माझ्यासाठी दोन मजले चढल्या, पाऊण तास बसल्या. त्या पाऊण तासात मी त्या खोलीतली एकूण एक गोष्ट पाहिली होती. शेजारी बसलेल्या खालांकडे मात्र एकदाही पाहिलं नव्हतं.