जिनिव्हाची वेळ आणि नांदेडचा फोन

जगभरातल्या शहरांची वेळ एकाच तबकडीवर दाखवणारी मनगटी घड्याळं मी जमवतो, हे तुम्हाला माहीतच आहे. बहुतेक तबकड्यांवर कराची असतं, ढाका असतं, आपलं कुणीच नसतं. आज जिनिव्हाच्या ऑनलाइन लिलावात एक जुनं घड्याळ होतं. त्यावर 'बॉम्बे' छापलेलं.

ओपीडी संपवून लातूरच्या घरी आलो. मनगटावर जिनिव्हाची वेळ बघितली. लिलावाला अजून तासभर होता. निवांत चहा घेतला.

मग ओपीडीपासून सायलेंटवर असलेला मोबाईल काढला, तर नांदेडच्या वकीलसाहेबांचे मिस्ड कॉल. तेही याच नादातले. एकानं सांगितलेल्या घड्याळावर दुसऱ्यानं बोली लावायची नाही, असं आमचं ठरलेलं. हे घड्याळ मी आधीच सांगून ठेवलेलं. मी फोन लावला.

"डॉक्टरसाहेब, लिलाव चालू झाल्यापासून फोन करून राहिलो. तुम्ही उचलेनात. वाटलं, तुमचा विचार बदलला. मग मीच घेतलं."

जिनिव्हात उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढं करतात. माझ्या घड्याळाला ते कळत नाही, आणि आज मलाही आठवलं नाही.

'मला देता का' असं विचारणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "पट्टा कोणता लावू? काळा का तपकिरी? तुम्हाला यातलं लई कळतं."

मी तपकिरी सांगितला. तुम्ही काय सांगितलं असतं?