चारकोपला पाइप गोठतो

११ जानेवारी, रविवार. हवा कोरडी, सकाळी थोडा गारठा. मोबाइल सोळा डिग्री दाखवत होता आणि समोरच्या बिल्डिंगचा वॉचमन माकडटोपी घालून बसला होता.

हवा मुद्दाम लिहिली आहे. कारण पुढचं ऐकल्यावर लोक पहिल्यांदा हेच विचारतात, "त्या दिवशी एवढी थंडी होती?" नव्हती!

आमच्या सोसायटीत पाणी साठवावं लागतं, पाण्याचे किस्से मात्र आपोआप साठतात. तळमजल्यावर चार मजले, वीस बिऱ्हाडं, एक पंप आणि गच्चीवर एक टाकी. एवढं असलं की माणसाला दुसरी करमणूक लागत नाही. जिन्यात एकजण "आमचा नळ" म्हणाला की दुसरा पिशवी खाली ठेवून म्हणतो, "ते सोडा, आमच्याकडे काय झालं ऐका." त्या रविवारचे सगळे किस्से मात्र एकाच पाइपाचे आहेत. म्हणून क्रमाने सांगते.

*

आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. ओट्याखाली एक नळ आहे, बादली भरायचा. तो आठवडाभर गळत होता. प्लंबर गावी गेला होता. तेव्हा संजयने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, नवा नळ आणला आणि स्वतःच बसवायचं ठरवलं.

नळाच्या मागे, भिंतीजवळ, आमच्या स्वयंपाकघराचा वॉल्व्ह आहे. आधी तो बंद करायचा, मग नळ काढायचा. संजय ओट्याखाली शिरला आणि वॉल्व्हचं चाक फिरवू लागला.

"बंद होतोय," आतून आवाज आला.

चाक फिरत राहिलं. बराच वेळ फिरलं. पाणी होतं तसंच गळत होतं.

"उलटं फिरवून बघ," मी म्हटलं.

त्याने उलटं फिरवलं. चाक हातात आलं!

संजय बाहेर आला, ते चाक उजेडात धरून नीट बघितलं आणि म्हणाला, "म्हणजे हे इतकी वर्षं नुसतंच शोभेला होतं."

*

या खटपटीत गळती वाढली आणि दहा मिनिटांत परबकाका वर आले.

परबकाका आमच्या बरोबर खाली राहतात, आमच्या स्वयंपाकघराखाली त्यांचा हॉल. माणूस मूळचा मालवणकडचा, गिरणीतून निवृत्त झालेला. मुंबईत जन्म गेला तरी राग मालवणीतच येतो. त्यांनी नुकतंच हॉलला पीओपीचं सिलिंग करून घेतलं होतं. हौसेने नव्हे. त्यांच्या नीलेशला दोन ठिकाणांहून नकार आला होता, आणि दोन्ही नकार घर बघून गेल्यावर आले होते. आता मानखुर्दच्या सावंतांची मुलगी, तेजश्री. मुलगा पसंत होता. घर बघायला ते त्याच संध्याकाळी पाचला येणार होते.

"संजया, माझ्या सिलिंगार डाग पडलो हा."

"केवढा?"

"रुपयाएवढो. पावणे येईपर्यंत ताटाएवढो होतलो!"

मी म्हटलं, "काका, मग गच्चीवरून आपली लाइन बंद करू. अर्ध्या तासाचं काम आहे."

काका एकदम सावध झाले. "लाइन बंद करूची नाय. पावण्यांका पाणी देऊचा की नको?"

म्हणजे गळती थांबवायची होती, पाणी मात्र थांबवायचं नव्हतं!

*

काकांचं अगदीच चुकीचं नव्हतं. गच्चीवरच्या आमच्या लाइनच्या वॉल्व्हला बिल्डिंग झाल्यापासून कोणी हात लावलेला नाही. दसऱ्याला पंपाला झेंडूचा हार घालतात, तसा त्यालाही घालतात. हळदकुंकू लावतात. पण फिरवत नाहीत. एकदा बंद झाला तर परत उघडणार नाही, अशी सर्वांची खात्री आहे.

सेक्रेटरींना फोन केला. ते गच्चीची किल्ली खिशात घेऊन बहिणीकडे गेले होते.

"वॉल्व्ह कुठल्या बाजूला फिरवला की बंद होतो?" संजयने विचारलं.

सेक्रेटरी म्हणाले, "ते जनरल बॉडीत ठरवावं लागेल."

*

तेवढ्यात माझ्या दिराचा व्हिडिओ कॉल आला. पराग कॅनडात असतो. नोकरी बँकेत, पण बर्फात आठ हिवाळे काढल्यामुळे घरदुरुस्तीवर तो अधिकाराने बोलतो. आमची रविवारची सकाळ म्हणजे त्याची शनिवारची रात्र. घरात जाड जॅकेट घालून बसला होता.

"दादा, तू ओट्याखाली काय करतोयस?"

संजयने वॉल्व्हचं चाक दाखवलं.

"मग फ्रीझ करा ना!"

"काय?"

"पाइप. इथे प्लंबर करतात. पाइपाला बाहेरून थंड करायचं, आत बर्फाचं बूच बसतं. पाणी थांबलं की नळ बदलायचा आणि बर्फ काढून टाकायचा. लाइन बंद करायलाच नको."

मी विचारलं, "पण तुमच्याकडे पाइप आपले आपणच गोठतात ना?"

"वहिनी, ते गोठू नयेत म्हणून तर आम्ही जिवाचं रान करतो."

परबकाका संजयच्या खांद्यावरून फोनमध्ये वाकून बघत होते. म्हणाले, "ह्यो बरो माणूस. लाइन बंद कर म्हणणा नाय."

*

संजयने फ्रीजमधले बर्फाचे तिन्ही ट्रे काढले. त्याच वेळी रजनी दारात आली.

रजनी तळमजल्यावर राहते. चारकोप गावातल्या कोळ्यांची मुलगी, मासळीचा धंदा आईकडून आलेला. रविवारचा बाजार आटोपून नुकतीच आली होती. तिने ट्रे बघितले, संजयला बघितलं.

"सरबत करतोस काय रे?"

संजयने परागची युक्ती सांगितली. रजनी हसली नाही. खाली गेली आणि थर्माकोलचा खोका, चुरलेला बर्फ आणि खडे मिठाची पिशवी घेऊन वर आली.

"नुसत्या बर्फाने पाणी गार होतं. गोठवायचं तर मीठ पाहिजे."

"किती?"

"अंदाज घेते ना मी. पापलेट ताठ ठेवते यार, हा तर नळ आहे!"

सुरीने खोक्याला दोन बाजूंनी खाचा पाडून तिने तो पाइपाभोवती बसवला. एक थर बर्फ, एक थर मीठ, वर गोणपाट. स्वयंपाकघरात बोंबलांचा वास पसरला.

"वास येतहा," परबकाका म्हणाले.

"येणारच काका. बर्फ काय नवीन आणू तुमच्यासाठी?"

आम्ही चौघं जमिनीवर बसून नळाकडे बघत होतो. तासाभराने थेंबांमधलं अंतर वाढलं. मग एक थेंब नळाच्या टोकाला लोंबला आणि पडलाच नाही!

संजयने देवाचं नाव घेऊन जुना नळ काढला. भिंतीतून उघडा पाइप, वर अख्खी टाकी, आणि पाण्याचा टिपूस नाही! त्याने नव्या नळाला टेप गुंडाळला, नळ बसवला, घट्ट बंद केला. खाली परबकाकूंनी सिलिंग बघून हाक मारली, "वाढूक नाय गो, वाढूक नाय!" रजनी मला म्हणाली, "बघितलंस? झकास!"

फोटो काढून परागला पाठवला. तो झोपला होता.

*

"आता बर्फ काढू या," संजय म्हणाला.

परबकाकांनी आमचं स्टूल ओढलं आणि ते ओट्यासमोर मांडून बसले.

"हात लावूचो नाय."

"काका, काम झालं. नवा नळ बसला."

"तुझो नळ नवो, पण बसवलंस तू ना? चांगला चल्लाहा ता बिघडवतंस कित्याक? पावणे जाईपर्यंत बरफ रवांदे."

संजयने समजावलं, मी समजावलं. काकांचं म्हणणं एकच. गळती बर्फाने थांबली, तेव्हा बर्फच ठेवायचा. उलट जेवण झाल्यावर त्यांनी रजनीकडून आणखी एक टोपली बर्फ मागवला आणि घरून लोणच्यासाठी आणलेलं मीठ स्वतःच्या हाताने वर घातलं. रजनी म्हणाली, "बास काका, पाइप आहे, सुरमई नाही." काकांनी आणखी एक मूठ घातली. मग वॉचमनला पंप लावायला सांगून टाकी काठोकाठ भरून घेतली. पाहुण्यांसाठी!

तीनच्या सुमाराला ओट्याखालून आवाज आला. टक्.

"काय झाला?" काका दचकले.

रजनीने थोडा विचार केला. "बर्फ बसला."

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

काका निर्धास्त होऊन इस्त्रीचा शर्ट घालायला खाली गेले. बर्फ हळूहळू वितळू लागला. पाच वाजता खाली बेल वाजली, पाहुणे आले. त्यानंतर थोड्याच वेळात पराग उठला असावा, कारण त्याचा मेसेज आला. संजयने तो मोठ्याने वाचला.

"मस्त काम, दादा! फक्त बर्फ लगेच काढ हं. नळ बंद असताना आत बर्फ वाढत गेला तर पाइप फुटतो. आणि फुटला ते लगेच कळत नाही, बर्फ वितळला की कळतं."

संजय वाचत होता तेव्हा पाणी त्याच्या पायापर्यंत आलं होतं.

*

आम्ही चिंध्या कोंबल्या, हात दाबून धरले. गच्चीची किल्ली अजून सेक्रेटरींच्या खिशातच होती. पाइप कोपऱ्यावर वीतभर उभा चिरला होता. संजयला तिथेच सोडून मी आणि रजनी दोन टब घेऊन खाली धावलो.

परबांच्या हॉलमध्ये सावंत, सावंतकाकू आणि तेजश्री हातात पोह्यांच्या बश्या घेऊन बसले होते. सिलिंगच्या मधोमध पोट आलं होतं आणि दिव्याच्या भोकातून धार लागली होती. नीलेशने उठून मेन स्विच बंद केला. परबकाकूंनी हातातली कढई धारेखाली धरली. काका पाहुण्यांसमोर शुद्ध मराठी बोलायचं ठरवून बसले होते.

"या आमच्या वरच्या शेजारीण," ते म्हणाले. आणि मग राहवलं नाही. "हिचाच पाणी!"

नीलेश भिंतीला टेकून उभा होता, मान खाली. हा तिसरा नकार आम्हा सगळ्यांना दिसत होता. मी टब ठेवला, रजनीने कढई बदलली.

सावंतकाकू वर बघत होत्या. त्यांनी बशी खाली ठेवली.

"हे पाणी कुठलं?"

"गच्चीवरच्या टाकीचं," काका म्हणाले. "एरवी असं येत नाही. तुम्ही गैरसमज करून घेऊ नका."

"नाही, म्हणजे संध्याकाळी पाचला तुमच्या टाकीत पाणी असतं?"

"असतं."

"रोज?"

काकांनी माझ्याकडे बघितलं.

"रोज," मी म्हटलं.

सावंतकाकू नवऱ्याकडे वळल्या. "आपल्याकडे पहाटे चारला अर्धा तास. ही उठते भरायला, दहावीपासून." मग पुन्हा काकांना, "आणि वरच्या मजल्यांनाही असंच?"

"चौथ्यालासुद्धा!" रजनी मध्येच म्हणाली. "मी राहते ना इथे."

तेजश्री उठली, बांगड्या मागे सारल्या आणि तळहात धारेखाली धरला. थोडा वेळ तसाच ठेवला. पाणी तिच्या कोपरावरून नव्या ड्रेसवर ओघळत होतं.

"आई," ती म्हणाली, "प्रेशर बघ."

*

टाकी रिकामी झाली तेव्हा पाणी थांबलं. परबांचं सिलिंग मधोमध, साधारण पलंगाएवढं, पाहुणे गेल्यावर पडलं. सोमवारी सकाळी सावंतांचा फोन आला. होकार कळवला.